वाचलेलं खरं कशावरून?

‘गोदावरी, कृष्णा, भीमा यांसारख्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात.’ महाराष्ट्राचा नकाशा कधीच न पाहिलेल्या, मराठी जेमतेम येणाऱ्या माणसाच्या हाती हे वाक्य दिलं, तरी गोदावरी, कृष्णा आणि भीमा या तिन्ही नद्या आहेत एवढं त्याला नक्की कळतं. तसं सरळ कुणी सांगितलेलं नसतं. ‘यांसारख्या’ हा एक शब्द ते काम करून जातो. अमेरिकी संशोधक मार्टी हर्स्ट यांनी १९९२ साली इंग्रजीतल्या अशाच ठेवणीच्या वाक्यांवर शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, संगणकाला वाक्याचा पुरता अर्थ कळेपर्यंत थांबायचं कारण नाही. ‘अमुक, तमुक यांसारखे फलाणे’ अशा साच्यात बसणारी वाक्यं त्याने मजकुरातून हुडकावीत आणि अमुक-तमुक हे फलाण्याचे प्रकार आहेत, अशी नोंद करत जावं. पुढच्या काही वर्षांत वेब पसरलं आणि मजकुराची वाण राहिली नाही. तेव्हापासून संगणकाला वेब वाचायला लावून शहाणं करण्याचे प्रयत्न चालू आहेत. या तीसेक वर्षांकडे मागे वळून बघितलं, तर वाचून नोंद करणं यंत्राला फार लवकर जमलेलं दिसतं. गाडी अडली ती ‘हे खरं कशावरून?’ या प्रश्नापाशी. आणि त्याचं जे काही उत्तर हाती लागलं ते असं, की वाचलेल्या एका गोष्टीवर शंका घ्यायची तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात.

यंत्रात ज्ञान घालण्याचा जुना रस्ता निराळा होता. माणसांनी बसून ते हाताने लिहून काढायचं. डग्लस लेनट यांनी १९८४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ‘साइक’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तो याच श्रद्धेवर. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, मेलेला माणूस परत येत नाही, अशी शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली, म्हणूनच कुठल्या पुस्तकात न सापडणारी विधानं तज्ज्ञांनी तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत मांडायला घेतली. हे काम दशकानुदशकं चाललं. लिहिणाऱ्यांची चिकाटी थक्क करणारी होती, पण व्यवहारज्ञानाला काठ नाही; एक विधान लिहावं तर त्याला लागून दहा नवी उभी राहतात. १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या सर्गे ब्रिन या विद्यार्थ्याने याच्या नेमकं उलट टोक गाठलं. त्याने संगणकाला फक्त पाच पुस्तकांची नावं आणि त्यांचे लेखक दिले. संगणकाने २ कोटी ४० लाख पानांच्या साठ्यात या जोड्या कुठे-कुठे येतात ते बघितलं, त्यांच्या मागेपुढे कुठला मजकूर असतो त्यावरून साचे तयार केले, त्या साच्यांनी नव्या जोड्या शोधल्या, नव्या जोड्यांवरून आणखी साचे काढले. दोन-चार फेऱ्यांत पाचाची पंधरा हजारांवर पुस्तकं झाली. मधल्या एका फेरीत मात्र २४२ ‘पुस्तकां’च्या लेखकाच्या जागी ‘कन्क्लूजन’, म्हणजे समारोप, हा शब्द येऊन बसला होता. ब्रिनने ती हाताने काढून टाकली. साऱ्या प्रयोगात माणसाचा हात लागला तो तेवढाच, पण लागला. समारोप नावाचा लेखक नसतो हे ओळखायला पुस्तकांची यादी पुरत नाही; माणसाचं नाव काय असतं, हेही ठाऊक असावं लागतं.

याच जागेवर बोट ठेवून २०१० च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रोग्रॅम चालू केला. त्याचं नाव ‘नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर’, थोडक्यात ‘नेल’. कधीही न थांबता भाषा शिकणारा विद्यार्थी. चोवीस तास वेब वाचत राहायचं, दर दिवशी कालच्यापेक्षा जास्त जाणायचं आणि कालच्यापेक्षा चांगलं वाचायचं, हे त्याचं काम. शहर, कंपनी, खेळाडू, फळ असे वर्ग आणि ‘अमुक खेळाडू अमुक संघातून खेळतो’ अशा धर्तीची नाती माणसांनी आखून दिली होती. प्रत्येकामागे दहा-पंधरा उदाहरणं बियाण्यासारखी पेरली होती, आणि वाचायला ५० कोटी इंग्रजी पानं होती. नेलमध्ये एकच वाचक नव्हता, तर चौघे वेगवेगळ्या तऱ्हेने वाचत. पहिला वाक्यांचे साचे बघे: ‘अमुकचे महापौर’ असं जिथे-तिथे येतं, तर अमुक हे शहर असावं. दुसरा वाक्यांकडे न बघता वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते बघे. एका रकान्यात चार ओळखीची शहरं असली तर पाचवं अनोळखी नावही शहराचंच असणार. तिसऱ्याची नजर शब्दाच्या रूपावर: पहिलं अक्षर मोठं आहे का, शेवट कसा होतो. चौथा आधीच्या नोंदींवरून नियम काढून नव्या नोंदी सुचवायचा. यातला एकटा कुणीही भरवशाचा नाही. तिसऱ्या वाचकाला मराठी शिकवायची कल्पना करून बघा. मंगेशकर, नगरकर, सातारकर अशी नावं दिल्यावर तो पटकन ओळखेल, की ‘कर’ हा शेवट आडनावाचा. मग त्याला ‘भाकर’ दिसेल आणि तो तिलाही माणसांत नेऊन बसवेल. पहिला वाचक इथे आडवा येतो. ‘भाकर थापली’, ‘भाकर भाजली’, ‘भाकर करपली’ हे साचे त्याने खाण्याच्या पदार्थांशी जोडलेले असतात. आणि पदार्थ असेल ती वस्तू माणूस असू शकत नाही, हे वर्ग आखतानाच सांगून ठेवलेलं असतं. दोन वाचकांत जुंपते आणि नोंद लटकून राहते. मिचेल यांची सगळी भिस्त या भांडणावर होती. एकच वर्ग एकट्याने शिकवला तर यंत्र भरकटतं. शेकडो वर्ग आणि नाती एकमेकांना बांधून एकदम शिकवली तर ती एकमेकांना रोखून धरतात. शिकण्याचा पसारा वाढवल्यावर शिकणं सोपं होतं, हे ऐकायला उफराटं वाटतं. मला तरी या साऱ्या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

तरीही नेल चुकायचा, आणि त्याच्या चुकांची तऱ्हा नीट बघण्यासारखी आहे. त्याच्या यादीत भाजून केलेल्या खाद्यपदार्थांचा एक वर्ग होता. ब्रेड, केक, कुकी असं त्यात ठीक जमत होतं. मग एक दिवस ‘इंटरनेट कुकीज’ त्यात जाऊन बसल्या. वेबसाइटी आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदींना कुकी म्हणतात. शेवटचा शब्द बघितला तर हा बिस्किटासारखाच खाऊ. इथवर चूक एकच होती. पण नेल नव्या नोंदींवरूनच पुढचे साचे काढत असल्याने ‘मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या’ हे वाक्य त्याला खाद्यपदार्थांबद्दलचं वाटलं. मग ‘मी माझ्या फायली डिलीट केल्या’ असं वाचल्यावर फायलीही भट्टीतून आलेल्या ठरल्या, आणि त्यामागून संगणकातल्या आणखी काय-काय वस्तू येऊ लागल्या. एका चुकीला पिल्लं होत गेली. पहिल्या ६७ दिवसांत नेलने २,४२,४५३ नोंदी पक्क्या केल्या, आणि त्यांतल्या साधारण ७४ टक्के बरोबर होत्या. या एका आकड्यापेक्षा त्याचे तुकडे जास्त सांगतात. वाचनाच्या ६६ फेऱ्यांचे तीन सारखे भाग केले, तर पहिल्या भागातल्या नोंदी ९० टक्के बरोबर होत्या, दुसऱ्यातल्या ७१ टक्के आणि तिसऱ्यातल्या ५७ टक्के. सोपं आधी उरकलं आणि अवघड मागे उरलं, हे त्याचं एक कारण. दुसरं, आधीच्या चुका पुढच्या वाचनाला वाकडं वळण लावत होत्या. सहा महिन्यांनी मिचेल यांच्या गटाने मधूनमधून प्रत्येक वर्गावरून काही मिनिटं नजर फिरवून ढळढळीत चुका खोडायला सुरुवात केली. दर वर्गाला मिनिटं पाचच, पण चुकीची पिल्लावळ थांबवायला ती कामाची होती.

यावर कुणी म्हणेल, चुका दूर करायला माणूस कशाला हवा, वेबवर एकच गोष्ट हजार पानांवर असते, हजारांनी सांगितलेलं खरं माना. हा आक्षेप वजनदार आहे, कारण पुनरुक्तीचा पुरावा खरोखर उपयोगी पडतो. नेलही एखादी नोंद किती ठिकाणी आणि किती तऱ्हांनी आली ते मोजतच असे. पण हजार पानं म्हणजे हजार साक्षीदार असं धरता येत नाही. २००८ साली इंग्रजी विकिपीडियातल्या कोआटी या दक्षिण अमेरिकी प्राण्यावरच्या लेखात कुणीतरी सहज घुसडलं, की याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असंही म्हणतात. आर्डव्हार्क हा आफ्रिकेतला प्राणी, त्याचं कोआटीशी काही नातं नाही. पण ते नाव वर्तमानपत्रांनी उचललं, पुस्तकांत गेलं, आणि मग विकिपीडियातल्या त्या ओळीला त्याच वर्तमानपत्रांचा दाखला जोडला गेला. सांगोवांगीची गोष्ट वर्तुळ पुरं करून पुरावा बनून परत आली. मोजणाऱ्या यंत्राला इथे अनेक तोंडं दिसतात, बोलणारा मात्र एकच असतो. मोजण्यात दुसरीही एक खोट आहे. माणसं जे सर्रास घडतं ते लिहीत नाहीत, वेगळं घडलं तर लिहितात. २०१३ साली दोन अमेरिकी संशोधकांनी मजकुरातली क्रियापदं मोजली, तर माणसांनी श्वास घेतल्याच्या उल्लेखांपेक्षा खून केल्याचे उल्लेख जास्त निघाले. मराठीतलं उदाहरण घ्यायचं तर हत्ती करडा असतो असं सहसा कुणी लिहायला जात नाही. वर्तमानपत्रांत मात्र रखडलेले प्रकल्प आणि तोट्यातली महामंडळं यांच्या निमित्ताने ‘पांढरा हत्ती’ सतत येतो. हत्तीचा रंग निव्वळ मोजणीवर ठरवला तर तो पांढरा ठरायचा. वाक्यातला हत्ती जनावर आहे की सरकारी खर्च, हे मोजून कळत नाही. ‘पोसणे’, ‘तोटा’, ‘तिजोरी’ या आजूबाजूच्या शब्दांबद्दल आधीच काही माहीत असलं तर कळतं.

आजचा वाचक सगळ्यात आधी विचारेल, हे सगळं आता जुनं झालं नाही का? वर्ग आखा, बियाणं पेरा, नोंदवही ठेवा, या खटाटोपाची गरजच मोठ्या भाषा-मॉडेलांनी संपवली. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या अशाच मॉडेलमध्ये १७५ अब्ज पॅरामीटर, म्हणजे शिकताना ठरत जाणारे आकडे, होते, त्याला शिकवायला वापरलेल्या मजकुराचा मोठा हिस्सा वेबवरूनच आला होता, आणि त्याला शिकवलं काय, तर पुढचा शब्द कोणता येईल ते ओळखायला. एवढ्यातून ते निबंध लिहू लागलं, भाषांतर करू लागलं, पांढऱ्या हत्तीची गोम ओळखू लागलं. आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ लावण्याचं जे काम नेलमध्ये चार वाचक धडपडत करत, ते ही मॉडेलं फार सफाईने करतात. यात वाद नाही. नेलला साधा मोकळा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती: वही. प्रत्येक नोंद कुठल्या वाचकाने सुचवली, कुठल्या साच्यावरून, कितपत खात्रीने, हे तो दाखवू शकत असे. कुकीची चूक सापडल्यावर तिच्या मुळाशी जाता आलं ते त्यामुळे. भाषा-मॉडेलात वाचलेलं ज्ञान त्या अब्जावधी आकड्यांत पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळलेलं असतं. गोडी कळते, पण कुठला दाणा कुठल्या पुडीतला, ते सांगता येत नाही. याचे परिणाम मोजलेले आहेत. २०२३ सालच्या एका अभ्यासात जीपीटी-४ ला प्रसिद्ध व्यक्तींच्या आईवडिलांची नावं विचारली तेव्हा ७९ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच नावं देऊन ‘यांचं मूल कोण?’ असं उलटं विचारलं तर फक्त ३३ टक्के. ‘अ ही ब ची आई’ अशी वहीत नोंद असती, तर दोन्हीकडून उत्तर एकच निघालं असतं. म्हणून ज्ञान आणि ज्ञानासारखं बोलणं यांत अजून अंतर आहे असं म्हणणं भाग आहे. आणि कुकीचा धडा इथेही लागू पडतो. यंत्राने लिहिलेला मजकूर पुढच्या यंत्राला वाचायला दिला, त्याचा मजकूर त्याच्या पुढच्याला, असं करत गेलं तर काही पिढ्यांत मॉडेलं ढासळतात, विरळा गोष्टी आधी विसरतात आणि शेवटी निरर्थक बरळू लागतात, असं २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवलं. वेबवर यंत्राने लिहिलेली पानं वाढत असताना हा इशारा हलक्यात घेऊन चालणार नाही. आताची अनेक साधनं उत्तर देण्याआधी वेबवर शोध घेतात आणि पानांचे दुवे सोबत देतात. वही परत येते आहे, हे चांगलंच. मात्र दुवा एवढंच सांगतो, की हे अमक्या पानावर लिहिलेलं आहे. कोआटीचं खोटं नावही पानांवर लिहिलेलं होतंच.

आणखी एक आक्षेप खोलवरचा आहे. माणूस तरी वेगळं काय करतो? एव्हरेस्टची उंची आपल्यापैकी कुणीही मोजलेली नाही. शाळेच्या पुस्तकात वाचली आणि मानली. मग यंत्राकडूनच जास्तीची अपेक्षा का? पहिला भाग मान्य करायलाच हवा, आपलं बहुतेक ज्ञान ऐकीव असतं. पण एव्हरेस्टच्या ८,८४८.८६ मीटर या आकड्यामागून चालत गेलं, तर नेपाळ आणि चीनने २०२० साली मिळून केलेल्या घोषणेपाशी पोचता येतं, आणि तिच्या मागे शिखरावर उपकरणं घेऊन गेलेली माणसं आहेत. ऐकीव ज्ञानाची साखळी दुसऱ्या टोकाला कुठेतरी मोजमापाला बांधलेली असते, आणि आपण विश्वास ठेवतो तो त्या बांधणीवर. चांगला ज्ञानकोश हेच उघड करून ठेवतो. वाईहून निघालेल्या, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादित केलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्यातल्या नोंदींखाली लेखकाचं नाव असतं, संदर्भग्रंथ असतात. वाचणाऱ्याला पटलं नाही, तर कुणाला विचारायचं आणि कुठे बघायचं, ते तिथेच लिहिलेलं असतं. वेब वाचणाऱ्या यंत्राला असा वाचक बनवायचा, तर किती जणांनी म्हटलं यापेक्षा कुणी, कशाच्या आधारावर आणि कुणाचं न उचलता म्हटलं, हे त्याला वाचता आलं पाहिजे.

मराठीत हे काम इंग्रजीहून कठीण आहे, आणि त्याची कारणं भाषेत आहेत तशी वेबवरही आहेत. नेलचा रूप बघणारा वाचक मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या इंग्रजी विशेषनामांवर विसंबून असे. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकार नाही. ‘वाड्यात पाऊस शिरला’ म्हणजे पेशवाई वास्तूत की पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावात, हे अक्षर बघून समजायची सोय नाही. पुणे हे पुण्याला, पुण्यात, पुण्याहून होतं, कोल्हापूरमधला ‘पू’ कोल्हापुरात गेला की ऱ्हस्व होतो. ही सगळी रूपं एकाच गावाची आहेत हे समजलं नाही, तर एका गावाची साक्ष दहा ठिकाणी वाटली जाते आणि कुठेच पुरी पडत नाही. नियम शिकवून किंवा पुष्कळ मजकूर वाचायला देऊन ही अडचण सुटते, पण मजकूर हीच दुसरी अडचण. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक होते. मराठी विकिपीडियावरचे लेख मात्र लाखाच्या आसपास आहेत, इंग्रजीत ते सत्तर लाखांच्या घरात. ‘कॉमन क्रॉल’ हा वेबचा मोठा खुला साठा मॉडेलं शिकवायला सर्रास वापरतात. त्यात निम्म्याच्या आसपास मजकूर इंग्रजी असतो आणि मराठीचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. याचा फटका दुहेरी आहे. यंत्राला मराठीतून कमी गोष्टी कळतात, आणि ज्या कळतात त्या ताडून बघायला दुसरं पान मिळत नाही.

ते दुसरं पान बऱ्याचदा असतं, पण यंत्राला वाचता येईल अशा रूपात नसतं. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या संचांतल्या फाँटांमध्ये टंकला जाई. पडद्यावर आणि कागदावर अक्षरं सुबक मराठी दिसत, फाइलीच्या आत मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असे, आणि फाँट काढून घेतला की प्रोग्रॅमला तीच खिचडी दिसते. स्मरणिका, दिवाळी अंक, सरकारी अहवाल असं कितीतरी साहित्य या रूपात आहे. त्याआधीचं छापील साहित्य स्कॅन केलेल्या चित्रांत आहे, त्यात यंत्राच्या दृष्टीने अक्षर नावाचं काहीच नाही. एखाद्या तालुक्याच्या इतिहासाबद्दल वेबवर एकच पान असलं, आणि त्याला दुजोरा देणारा किंवा त्याला खोडून काढणारा मजकूर अशा फाइलीत अडकलेला असला, तर यंत्रापुढे साक्षीदार एकच उरतो. जुने फाँट युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत, स्कॅनमधून देवनागरी अक्षरं उचलणारेही आहेत. ते चालवायचे, त्यांच्या चुका हाताने दुरुस्त करायच्या, कोणी लिहिलं आणि कुठल्या साली ते पानावर कायम ठेवायचं आणि मग तो मजकूर वेबवर आणायचा, हे काम मराठीत अजून पुष्कळ शिल्लक आहे.